ट्रॅक्टरची रांग आणि पायथनचा डेक: मेथड कुठे जोडायची, कुठे नाही

भाऊ, आधी तुझा प्रश्न थोडक्यात मांडतो, म्हणजे मधूनच वाचायला आलेल्यालाही धागा लागेल. अमळनेरकडच्या एका जिनिंगसाठी तू टोकनचा प्रोग्राम लिहिलास. कापूस भरलेले ट्रॅक्टर रात्रीपासून गेटबाहेर लागतात. ज्याचा नंबर येईल त्याची गाडी आधी भुईकाट्यावर, मग ग्रेडरपुढे, मग खाली करायला. या रांगेसाठी तू पायथनच्या कलेक्शन्स मोड्यूलमधला डेक (दोन्ही टोकांनी वस्तू घालता-काढता येणारी रांग) घेतलास, त्याला इनहेरिट करून, म्हणजे त्याचा वारस म्हणून, 'ट्रॅक्टररांग' नावाचा क्लास केलास आणि त्यात सोयीच्या सात-आठ मेथड (क्लासची स्वतःची फंक्शनं) घातल्यास. आता दोन तक्रारी आहेत. एकच गाडी दोनदा रांगेत येऊ नये म्हणून अपेंड (शेवटी वस्तू जोडणारी मेथड) बदललंस, तरी सकाळच्या यादीत डबल नंबर दिसतात. आणि रांगेची कॉपी घेतली की ती रिकामी निघते, वर एररही येत नाही. शेवटी विचारलंस की इनहेरिट करणंच चुकलं का.

अर्धं चुकलं. सात-आठपैकी ज्या मेथड डेकला नुसती भर घालतात त्या ठीक आहेत. ज्या मेथड डेकचं मूळ वागणं बदलायला जातात त्यांनीच तुझे दोन्ही घोटाळे केलेत. कसे ते सांगतो, पण त्याआधी एक खुलासा.

कोड मी इथे सगळा नागरीत लिहितोय, फोनवर तोंडी सांगितला असता तसा. टाइप करताना पायथनचे शब्द आणि आकडे इंग्रजीतच टाक. मेथडची नावं मात्र मराठीत ठेवलीस तरी हरकत नाही, पायथन ३ पासून नागरी नावं चालतात. एक खोच सांभाळ: 'दुसऱ्या' मधला अर्धा र काही कीबोर्ड एका न दिसणाऱ्या जोडअक्षराने उमटवतात. ते अक्षर नावात शिरलं की पायथन सिंटॅक्सएरर देतो आणि डोळ्याला मात्र ओळ अगदी स्वच्छ दिसते. यावर मी भुसावळच्या मे महिन्यातली एक अख्खी दुपार घालवली आहे.

आता डेक. उच्चार 'डेक' असाच, 'डीक्यू' नाही. २००४ साली पायथन २.४ मध्ये तो आला, रेमंड हेटिंजर यांनी लिहिलेला. आतून कसा आहे ते कळलं की कुठली मेथड स्वस्त आणि कुठली महाग हे पाठ करावं लागत नाही. भुसावळचं यार्ड पाहिलं असशील तर डेक म्हणजे एक मालगाडी समज. प्रत्येक वाघिणीत ६४ जागा. टोकाची वाघीण भरली की तिच्यापुढे नवी जोडायची, रिकामी झाली की सोडायची. हे दोन्ही टोकांना होतं आणि मधल्या वाघिणींना कुणी हात लावत नाही. म्हणून अपेंड, अपेंडलेफ्ट (उजवीकडे, डावीकडे जोडणं), पॉप, पॉपलेफ्ट (उजवीकडून, डावीकडून काढणं) या चारही गोष्टींना गाडी किती लांब आहे याने फरक पडत नाही. लिस्ट म्हणजे एसटी स्टँडवरचं लांब बाकडं. कडेचा पहिला उठला की बाकीचे सगळे एकेक जागा सरकतात. लिस्टमधून पॉप(०) केलंस की हेच होतं.

उलट बाजूही आहे. मधली वस्तू हवी असेल तर लिस्ट थेट तिथे बोट ठेवते. डेकला टोकापासून वाघिणी मोजत जावं लागतं. ६४,००० वस्तू म्हणजे साधारण १,००० वाघिणी. पायथन जवळचं टोक निवडतो, तरी अगदी मधल्या वस्तूसाठी ५०० वाघिणी ओलांडाव्याच लागतात.

खरं सांगायचं तर तुझ्या ३०० ट्रॅक्टरांना लिस्टही पुरली असती, भुईकाटा त्याहून लाखपट हळू चालतो. तरी डेक घेतलास ते बरोबरच, कारण कोड वाचणाऱ्याला पहिल्या ओळीतच कळतं की इथे कामं टोकांना होणार आहेत.

आता तुझ्या मेथड. पहिली 'समोर', म्हणजे गाडी न काढता पहिल्या नंबरला कोण आहे ते बघणं. डेकमध्ये यासाठी वेगळी मेथड नाही. सेल्फ[०] लिहिलं की काम होतं, पण रांग रिकामी असेल तर इंडेक्सएरर येतो. तू आधी लांबी तपासून मग पहिली वस्तू देतोस. मी असं लिहिलं असतं:

डेफ समोर(सेल्फ, नसेल_तर=नन):
    ट्राय:
        रिटर्न सेल्फ[०]
    एक्सेप्ट इंडेक्सएरर:
        रिटर्न नसेल_तर

'नसेल_तर' बोलावणाऱ्याच्या हातात ठेवलंय, डिक्शनरीच्या गेटसारखं. आधी तपास, मग घे, असं का नको ते खाली दोन काट्यांच्या गोष्टीत येईल.

दुसरी 'मागे_पाठव'. सरकारी खरेदीत कापसाचा ओलावा ८ ते १२ टक्क्यांच्या आत लागतो. त्यावर निघाला की ग्रेडर म्हणतो, वाळवून आण, आणि गाडी रांगेच्या शेपटाला जाते. तू पॉपलेफ्ट करून पुन्हा अपेंड केलंयस. त्यापेक्षा रोटेट(उणे १) एवढं पुरे. पहिला शेवटी जातो, बाकीचे आपोआप पुढे. रांग रिकामी असली तरी रोटेट गप्प राहतो. पण याला नाव दिलेलं बरंच केलंस, कारण रोटेटचं चिन्ह भल्याभल्यांना चकवतं. अधिक आकडा दिला की चक्र उजवीकडे फिरतं, म्हणजे शेवटचा उचलून पहिला होतो. गडबडीत उणे चिन्ह विसरलास तर आत्ताच आलेली गाडी काट्यावर चढेल आणि पहाटेपासून थंडीत बसलेला माणूस 'मना नंबर शे!' म्हणत खिडकीवर येईल. सोयीच्या मेथडचं खरं काम हेच: रोज चुकू शकणारी गोष्ट एकदाच, एका जागी, बरोबर लिहून ठेवायची.

तिसरी 'पुढे_घाल'. लाइट गेली, काट्यावरच्या चार गाड्या परत घ्याव्या लागल्या, आणि त्या होत्या त्याच क्रमाने रांगेच्या तोंडाशी बसवायच्या आहेत. तू सरळ एक्स्टेंडलेफ्ट वापरलंस. एक्स्टेंडलेफ्ट एकेक वस्तू डावीकडे ढकलतो, त्यामुळे क्रम उलटतो. क, ख, ग दिलेस तर तोंडाशी ग, ख, क असे बसतात. दस्तऐवजात हे लिहिलेलं आहे, पण एकदा तोंडावर आपटल्याशिवाय कुणाच्या लक्षात राहत नाही. म्हणून:

डेफ पुढे_घाल(सेल्फ, गाड्या):
    सेल्फ.एक्स्टेंडलेफ्ट(रिव्हर्स्ड(लिस्ट(गाड्या)))

मधला लिस्ट काढू नकोस. कुणी जनरेटर पाठवला तर तो उलटा करता येत नाही, आधी त्याची लिस्ट करावी लागते. अख्ख्या क्लासमध्ये एकच मेथड ठेवायची म्हटली तर मी हीच ठेवीन.

चौथी 'नंबरने_काढ': कंटाळून परत गेलेल्याची गाडी रांगेतून काढणं. फॉर आणि एन्युमरेट लावून गाडी शोधतोस, डेल सेल्फ[आय] करतोस आणि लगेच रिटर्न. हे चालतं, पण चालतं ते त्या रिटर्नमुळेच. रिटर्न नसता आणि लूप एक पाऊल जरी पुढे गेला असता तर पायथनने रनटाइमएरर दिला असता: फिरता फिरता डेक बदलला म्हणून. ही भीती नको असेल तर आधी जागा शोध, लूपमधून बाहेर ये, मग काढ.

एकाच वेळी बऱ्याच गाड्या गाळायच्या असतील तर मात्र डेल वापरू नकोस. दर डेलला पायथन आतल्या आत रांग फिरवतो, एक काढतो आणि पुन्हा उलटी फिरवतो. त्यापेक्षा पूर्ण एक फेरी घाल:

डेफ गाळ(सेल्फ, ठेवायची_का):
    फॉर _ इन रेंज(लेन(सेल्फ)):
        गाडी = सेल्फ.पॉपलेफ्ट()
        इफ ठेवायची_का(गाडी):
            सेल्फ.अपेंड(गाडी)

जेवढ्या गाड्या तेवढीच पावलं. राहिलेल्यांचा क्रमही जसाच्या तसा, कारण शेवटची गाडी तपासून होते तेव्हा चक्र पुरं झालेलं असतं. फक्त 'ठेवायची_का' हे फंक्शन मध्येच एरर देऊन पडलं तर रांग अर्धी फिरलेली राहील आणि हातातली एक गाडी हरवेल. त्या फंक्शनच्या आत डेटाबेसला फोन करू नकोस. साधी तपासणी ठेव.

पाचवी स्लाइस. डेक[१:५] लिहिलं की टाइपएरर येतो, तो घालवायला तू गेटआयटम (चौकोनी कंसामागे चालणारी मेथड) बदललंस. हे काढून टाक. आता दर सेल्फ[०] तुझ्या हळू पायथन कोडमधून जातो, आणि मिळालेला तुकडा लिस्ट असावा की ट्रॅक्टररांग, हा प्रश्न तू अर्धवटच सोडवलायस. डेकच्या लेखकाने स्लाइस मुद्दामच दिला नाही, असं मला वाटतं. मधल्या जागांचा भाव महाग आहे, तो चौकोनी कंसामागे लपवायचा नाही. बोर्डावर तुला हव्यात त्या पहिल्या दहा गाड्या, कधीतरी शेवटच्या पाच. मग तशाच दोन मेथड कर. 'पहिल्या(न)' साठी इटरटूल्समधला आयस्लाइस. 'शेवटच्या(न)' साठी आयस्लाइस(रिव्हर्स्ड(सेल्फ), न) घेऊन त्याची लिस्ट उलटी करायची. रिव्हर्स्ड उजव्या टोकापासून चालू होतो, म्हणून पाच गाड्यांसाठी सगळी रांग चालावी लागत नाही. आयस्लाइसला उणे आकडे चालत नाहीत, तेवढं ध्यानात ठेव.

बाकीच्या दोन मेथडवर बोलण्यासारखं काही नाही. 'रिकामी_का' काढून टाकलीस तरी चालेल, इफ नॉट रांग एवढं सगळ्यांना वाचता येतं.

आता पहिला घोटाळा, डबल नंबर. तू अपेंडमध्ये तपासणी घातलीस: गाडी आधीच रांगेत असेल तर घ्यायची नाही. खिडकीवरून एकेक गाडी येते तेव्हा हे चालतंही. पण रात्री फाटकावरचा चौकीदार ज्या गाड्या लिहितो त्या सकाळी तू फाइलमधून वाचून एक्स्टेंडने एकदम घालतोस. तू धरून चाललास की एक्स्टेंड आतून तुझं अपेंड बोलावेल. तो बोलावत नाही. डेक सी भाषेत लिहिलेला आहे आणि त्याचा एक्स्टेंड स्वतःच्याच आतल्या रस्त्याने वस्तू जोडतो. तुझं अपेंड त्या रस्त्यावर उभंच नाही. क्लास बनवताना दिलेल्या वस्तूही त्याच रस्त्याने आत जातात.

म्हणजे पुढचं दार लावलंस आणि खळ्याची मागची फळी उघडीच राहिली. एकूण दारं मोज: अपेंड, अपेंडलेफ्ट, एक्स्टेंड, एक्स्टेंडलेफ्ट, इन्सर्ट, कंसाने जागेवर ठेवणं, अधिक-बरोबर, गुणिले-बरोबर आणि इनिट (वस्तू बनताना चालणारी मेथड). नऊ झाली. नवाच्या नवांवर पहारा ठेवलास तरी दर वेळी 'इन' ने सगळी रांग शोधावी लागते. ते टाळायला शेजारी नंबरांचा सेट ठेवलास तर बाहेर जायची दारंही राखावी लागतात: पॉप, पॉपलेफ्ट, रिमूव्ह, डेल, क्लिअर. आणि उद्या पायथनने दहावं दार केलं तर? हे नुसतं भय नाही. इंडेक्स, इन्सर्ट आणि कॉपी या मेथड डेकला २०१५ साली पायथन ३.५ मध्येच मिळाल्या, त्याआधी त्या नव्हत्या.

दुसरा घोटाळा, रिकामी कॉपी. हा मला जास्त आवडला, कारण इथे पायथन अगदी सरळ वागलाय. तुझ्या इनिटचा पहिला पॅरामीटर 'केंद्र' आहे, दुसरा 'गाड्या', आणि गाड्या दिल्या नाहीत तर रिकाम्या. कॉपी मागितली की डेक बघतो, ही साधी डेक नाही, कुणाचा तरी पोटक्लास आहे. मग तो त्याच क्लासला हाक मारतो आणि पहिल्या जागी जुनी रांग देतो, कारण मूळ डेकच्या इनिटमध्ये पहिली जागा वस्तूंचीच असते. तुझ्या इनिटने ती रांग 'केंद्र' म्हणून ठेवून घेतली आणि गाड्या शून्य. कॉपीचं केंद्र छापून बघ, तिथे तुझी तीनशे गाड्यांची अख्खी रांग बसलेली दिसेल. हीच रांग पिकल करून (पायथनची वस्तू जशीच्या तशी साठवायची सोय) फाइलमध्ये ठेवलीस तर वाचताना उलट होईल. पिकल क्लासला काहीच न देता हाक मारतो, तेव्हा 'केंद्र' दिलं नाही म्हणून टाइपएरर येईल.

उपाय असा की पोटक्लासच्या इनिटमधल्या पहिल्या दोन जागा मूळ डेकसारख्याच ठेवायच्या, आधी वस्तू आणि मग मॅक्सलेन (डेकची कमाल लांबी). तुझं जास्तीचं काही असेल ते त्यानंतर, नाव घेऊनच देता येईल असं, आणि न दिलं तरी चालेल असं. एवढं केलंस की कॉपी आणि पिकल दोन्ही उभे राहतात. पण कॉपीत 'केंद्र' येणार नाही. डेक वस्तू नेतो, तुझी ॲट्रिब्यूट नेत नाही. ती हवीत तर कॉपी आणि दुहेरी अंडरस्कोरवाली कॉपी अशा दोन्ही मेथड तुलाच लिहाव्या लागतील. एक लिहून दुसरी विसरलास तर कॉपी मोड्यूल वेगळं वागेल आणि रांगेची स्वतःची मेथड वेगळी.

यातून माझा नियम असा झालाय. नुसती भर घालायची असेल तर इनहेरिट कर. 'समोर', 'पुढे_घाल', 'मागे_पाठव', 'पहिल्या', 'शेवटच्या', 'गाळ' यातलं काहीही डेकची एकही जुनी मेथड बदलत नाही. इनिटला हात लावत नाही. असा क्लास जिथे डेक चालतो तिथे कुठेही चालेल. पण डबल नंबर नको, केंद्राचं नाव हवं, रद्द झालेल्या गाडीची नोंद हवी, म्हणजे डेकला जे चालतं त्यातलं काही बंद करायचं असेल, तर डेक पोटात ठेव. त्याच्या पोटी जन्म घेऊ नकोस.

तुझ्यासाठी मी 'टोकनखिडकी' असा साधा क्लास करीन, कुणाचाही वारस नसलेला. इनिटमध्ये सेल्फ._रांग म्हणून एक डेक आणि सेल्फ._नंबर म्हणून एक सेट. बाहेर दिसणाऱ्या मेथड पाचच: लाव, बोलाव, परत_पुढे (आधीच्या 'पुढे_घाल' चं काम), रद्द, बोर्ड. लाव असा:

डेफ लाव(सेल्फ, गाडी):
    इफ गाडी.नंबर इन सेल्फ._नंबर:
        रिटर्न फॉल्स
    सेल्फ._रांग.अपेंड(गाडी)
    सेल्फ._नंबर.ॲड(गाडी.नंबर)
    रिटर्न ट्रू

आत यायची दारं नवाची दोन झाली, लाव आणि परत_पुढे. चौकीदाराची फाइल वाचतानाही लूप लावून 'लाव' च बोलाव, तीनशे गाड्यांना वेळ लागत नाही. हो, चौकीदार आकडे मराठीत लिहित असेल तर घाबरू नकोस. फाइलमधून वाचलेलं '२५' इंटला दिलंस तर तो नीट पंचवीस समजतो. मराठी आकडे चालत नाहीत ते फक्त कोडमध्ये थेट लिहिलेले. गाडीच्या नंबरचं मात्र बघ. तो मजकूर म्हणून ठेवलेला असला की मराठी १९ आणि इंग्रजी १९ सेटला दोन वेगळ्या गाड्या वाटतात. तुझे डबल नंबर अर्धे इथूनही आलेले असू शकतात. खिडकीवर आल्या आल्या आकडे एका लिपीत आणून घे.

पायथनच्या स्वतःच्या घरातही हाच मार्ग धरलेला दिसतो. क्यू मोड्यूलमधला क्यू हा क्लास डेकचा वारस नाही, तो डेक आत ठेवतो आणि बाहेर पुट आणि गेट दाखवतो.

आता मॅक्सलेनबद्दल, कारण तुझ्या कोडमधल्या एका शेऱ्यात 'पुढे मॅक्सलेन=५०० लावायचं' असं दिसतंय आणि ते बघून माझ्या पोटात गोळा आला. बारा-तेरा वर्षांपूर्वी एका ठिकाणी पावत्यांच्या रांगेसाठी मीच मॅक्सलेन २०० ठेवलं होतं. हिशेब असा की एका दिवसात २०० च्या वर कोण येतंय. दसऱ्यानंतरच्या एका सोमवारी २०१ वा आला. मॅक्सलेन भरलेला असताना अपेंड केलं की डेक एररही देत नाही आणि नव्याला नाहीही म्हणत नाही. तो समोरच्या टोकाचा पहिला गुपचूप टाकून देतो. म्हणजे रांगेत सगळ्यात आधीपासून बसलेल्या माणसाची पावती गेली. त्यानंतर आलेल्या प्रत्येकाने पुढच्या एकेकाला बाहेर काढलं. हातात कागद असलेली माणसं आणि स्क्रीनवर नसलेली नावं, आणि मध्ये मी. चूक डेकची नव्हती. मॅक्सलेन असतो 'शेवटचे इतकेच ठेव' या कामासाठी: लॉगच्या शेवटच्या दहा ओळी, तापमानाची चालती सरासरी, नुकत्याच बोलावलेल्या गाड्यांचा बोर्ड. माणसांच्या रांगेला तो लावू नये.

गंमत अशी की त्याच भरलेल्या डेकवर इन्सर्ट केलंस तर इंडेक्सएरर येतो. एकाच वस्तूची दोन दारं, एक गप्प आणि एक बोलकं. मर्यादा हवीच असेल तर 'लाव' मध्ये लांबी तपास आणि आपल्या तोंडाने नाही म्हण. मॅक्सलेन नंतर बदलता येत नाही, नवा डेकच करावा लागतो, हेही सांगून ठेवतो.

दोन काट्यांचं राहिलं. तुझ्याकडे दोन भुईकाटे आहेत आणि दोन्हींचे थ्रेड (प्रोग्रामचे एकाच वेळी चालणारे धागे) एकाच रांगेतून गाडी घेतात. डेकचं एकेक अपेंड किंवा पॉपलेफ्ट थ्रेडमध्ये सुरक्षित आहे, तसं दस्तऐवजात म्हटलेलं आहे. पण तुझी मेथड म्हणजे एक काम नाही. 'रांग रिकामी नाही ना' हे एक काम आणि 'पहिली गाडी काढ' हे दुसरं. रांगेत एकच गाडी आहे. पहिल्या काट्याने बघितलं, आहे. दुसऱ्यानेही बघितलं, आहे. पहिल्याने काढली. दुसरा रिकाम्या रांगेतून काढायला गेला आणि त्याचा थ्रेड इंडेक्सएररने मेला. भर सीझनमध्ये हे महिन्यातून एकदा होईल आणि तुझ्या लॅपटॉपवर कधीच दिसणार नाही. म्हणून वर ट्राय-एक्सेप्ट लिहिलं. काढून बघायचं, नसेल तर एक्सेप्टमध्ये सांभाळायचं.

टोकनखिडकीत डेक आणि सेट दोन्ही बदलावे लागतात, तिथे ट्राय-एक्सेप्टने भागणार नाही. एक लॉक (एका वेळी एकाच थ्रेडला आत सोडणारं कुलूप) ठेव आणि पाचही मेथड त्याच्या आत चालव. बोर्डही. बोर्ड रांगेवर फिरत असताना दुसऱ्या थ्रेडने गाडी लावली तर पुन्हा तोच 'फिरता फिरता बदलला' वाला रनटाइमएरर. लॉकच्या आत पहिल्या दहांची लिस्ट करून घे आणि दाखवायचं काम लॉकच्या बाहेर कर. आणि काट्याने गाडी येईपर्यंत थांबून राहावं असं हवं असेल तर स्वतः काही रचू नकोस. क्यू मोड्यूलचा गेट ते करतो. मात्र त्यात 'परत_पुढे' नाही, हे लक्षात घेऊन ठरव.

तू डेकलाच थेट मेथड चिकटवता येतील का असंही विचारलंस. येत नाहीत. अंगभूत क्लासला बाहेरून काही लावू गेलास तर पायथन टाइपएरर देतो, आणि ते बरंच आहे. पण दुसरा एक साधा रस्ता तू बघितलाच नाहीस: फंक्शन. 'समोर(रांग, नसेल_तर)' हे क्लासच्या बाहेर फंक्शन म्हणून लिहिलंस तर ते डेकला चालतं, लिस्टला चालतं, दुसऱ्याने बनवून दिलेल्या रांगेलाही चालतं. दोन-तीनच सोयी हव्या असतील तर मी क्लास करतच नाही. एका फाइलमध्ये तीन फंक्शनं, झालं.

शेवटी टेस्ट. तू हाताने सात-आठ उदाहरणं लिहिली आहेस. ती राहू दे, पण अशा क्लाससाठी याहून बरी एक पद्धत आहे. एका बाजूला तुझी रांग, दुसऱ्या बाजूला साधी लिस्ट. रँडमने पाच-दहा हजार हालचाली करायच्या: लाव, बोलाव, मागे पाठव, तीन गाड्या पुढे घाल, एक रद्द कर. प्रत्येक हालचाल दोन्हीकडे करायची. लिस्टवर ती अगदी बाळबोधपणे, पॉप(०) आणि जोडाजोडी करून. आणि दर हालचालीनंतर लिस्ट(रांग) त्या लिस्टशी तंतोतंत जुळते का बघायचं. लिस्टमध्ये बदलूनच तुलना कर, कारण डेक आणि लिस्ट थेट बरोबर-बरोबरने तपासले तर आत तेच असूनही उत्तर फॉल्सच येतं. हालचालींमध्ये कॉपी घेऊन तिच्यावरच पुढे चालणं हेही एक घाल आणि फाइलमधून पन्नास गाड्या एकदम घालणंही. असं असतं तर तुझे दोन्ही घोटाळे पहिल्याच मिनिटात सापडले असते. रँडमला सुरुवातीला एक ठरलेलं सीड (सुरुवातीचा आकडा) दे आणि ते छापून ठेव, म्हणजे फसलेली फेरी पुन्हा तशीच चालवता येते. दुरुस्त केल्यावरही कुठे फसलं तर तो सीडचा आकडा आणि किती नंबरच्या हालचालीला फसलं एवढंच मला पाठव.